ऐकणारं कोण, ते ठरवायचं कोणी?

अमरावतीजवळच्या वलगावसारख्या गावात सतरा वर्षांच्या मुलीला एकटं बसायला जागा नसते, इथूनच सुरुवात करावी लागेल. पुढच्या खोलीत येणारेजाणारे, मधल्या खोलीत टीव्ही आणि रात्री सगळ्यांची अंथरुणं, मागं स्वयंपाक. मुलांना निदान पार आहे, पानटपरी आहे, पेढी नदीचा पूल आहे, अमरावतीच्या एसटीची वाट बघत काढायचा अर्धा तास आहे. मुलीला गच्ची मिळते, तीही कपडे वाळत टाकायच्या निमित्तानं आणि शेजारच्या तीन गच्च्यांच्या नजरेखाली. अशा घरात आतून कडी लागणारी पहिली खोली तिला मिळाली ती फोनमध्ये. आणि कडी लागली की बाहेरून आवाज येतोच : "लपवाले काय आहे एवढं त्याच्यात?"

विचारणाऱ्या बापाची भीती खोटी नसते. बातम्या तोही वाचतो. पण ज्या नियमानं तो पोरीला तपासतो, त्या नियमानं तो स्वतः जगत नाही. सोयरीक पक्की होईस्तोवर भाऊबंदांच्या कानावर जाऊ द्यायची नाही, सावकाराचं देणं सासुरवाडीला कळू द्यायचं नाही, शेताचा सौदा इसार होईपर्यंत बोलायचा नाही, बायकोचं दुखणं चारचौघांत काढायचं नाही. यात कोणाला पाप दिसत नाही. उलट असं झाकून चालणाऱ्याला आपण पोक्त म्हणतो. पोरांनी झाकलं की मात्र ते लफडं ठरतं.

तरुणांच्या खासगीपणाची चर्चा आपल्याकडे कायम धोक्याच्या अंगानं होते : फसवणूक, ब्लॅकमेल, वाया गेलेला वेळ. ते सगळं खरं आहे. तरी मला दुसरीच बाजू मोठी वाटते. माणूस काहीतरी नवं बोलायला, लिहायला, गायला शिकतो ते थोड्या आणि स्वतः निवडलेल्या ऐकणाऱ्यांसमोर. ऐकणारे निवडण्याचा हक्क काढून घेतला, की बोलणं बंद तरी पडतं किंवा पाठ केलेलं होतं. खासगीपणा नसेल तर अभिव्यक्तीची फक्त नक्कल उरते. आणि हे मी कुठल्या परदेशी पुस्तकातून आणलेलं नाही. वऱ्हाडातल्या बायकांना हे फार आधीपासून ठाऊक होतं.

भुलाबाई आठवून बघा. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर मुली या घरातून त्या घरात जायच्या, भुलाबाई-भुलोजीपुढं टिपऱ्यांवर गाणी म्हणायच्या. त्या गाण्यांत सासरचा काच होता, माहेरची ओढ होती, नवऱ्याची टर होती. एरवी यातलं अक्षर तोंडातून निघालं असतं तर थोबाडीत बसली असती. तिथं चालायचं, कारण कोंडाळं मुलींचं होतं आणि बापे त्या वेळी ओसरीवर असत. शेवटी खिरापत. डबा झाकलेला, आतला पदार्थ वाजवून ओळखायचा. झाकून ठेवण्यालाच खेळाचा मान देणारा हा सण ज्या प्रदेशाचा, तिथं आज मुलीनं फोन उपडा ठेवला की घर दचकतं.

जात्यावरची ओवी त्याहून पुढची. पहाटेचा अंधार, दोन बायका समोरासमोर, मध्ये जातं. त्याच्या घरघरीत आवाज पलीकडच्या खोलीत पोचायचा नाही आणि पोचला तरी सासरा 'काम चाललंय' म्हणून कूस बदलायचा. त्या एवढ्याशा आडोशात बायकांनी केवढं रचलं, याचा हिशेब हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ या अभ्यासकांनी मांडला. १९८०च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या शेकडो खेड्यांत फिरून त्यांनी नि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाखाच्या वर ओव्या जमवल्या. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात त्या गायिकेच्या नावागावासह ऐकायला मिळतात. लाखाच्या वर ओव्या, आणि त्या रचणाऱ्या बहुतेकींना जन्मात कोणी कवयित्री म्हटलं नाही. मोठा मंच मिळाला असता तर त्यांनी जास्त रचलं असतं का? मला शंका आहे. मंचावर त्यांनी आरती म्हटली असती. पुढं विजेच्या गिरण्या आल्या, दळणाचे कष्ट वाचले, ते उत्तमच झालं. पण त्या कष्टाबरोबर बायकांची बोलायची जागाही गेली, आणि तिच्याऐवजी दुसरी कोणती द्यावी हे कोणाच्या मनात आलं नाही.

नवी पिढी ती जागा आपली आपण बांधते आहे. अमरावतीच्या कॉलेजला जाणाऱ्या कोणत्याही मुलामुलीशी थोडा वेळ मोकळं बोलावं, म्हणजे कळतं की एकेकाच्या दोन-दोन आयडी असतात. एक नातेवाइकांसाठी : त्यावर गणपतीचे फोटो, मामाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, सगळं गोडगोड. दुसरीवर मोजके दहा-वीस जण. तिथं चेहरा नाही, आडनाव नाही. तिथं अर्धवट कविता असतात, वहीच्या मागच्या पानावरची चित्रं असतात, रात्री कानाशी फोन धरून दबल्या आवाजात म्हटलेलं गाणं असतं. व्हॉट्सअॅपचं स्टेटस ठेवताना काका-मामा वगळले जातात, इन्स्टाग्रामवर 'क्लोज फ्रेंड्स'ची हिरवी गोल रेघ सांभाळली जाते. कोणती गोष्ट कोणाला ऐकवायची याचं भान या पोरांना नाही, असं म्हणणाऱ्या मोठ्यांनी आपला 'परिवार' नावाचा ग्रुप उघडून पाहावा. डॉक्टरांचा रिपोर्ट, नातवाचा उघडा फोटो, आधार कार्ड आणि सुप्रभात एकाच दमात दीडशे लोकांना.

आडनाव नसण्याची गोष्ट वरवरची नाही. खेड्यात अनोळखी पोराला पहिला प्रश्न असतो, "कोनाचा होय तू?" उत्तरात बाप, आळी आणि जात एकदमच येतात. नाव बदलून, आडनाव गाळून एखादा मुलगा जेव्हा रॅप लिहितो किंवा फोटो टाकतो, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा त्याचं काम आधी दिसतं आणि आळी नंतर. हा आडोसा त्याला चैनीसाठी लागत नाही. २०१५च्या मे महिन्यात शिर्डीत एका दलित तरुणाचा जीव गेला. वादाला निमित्त होतं त्याच्या मोबाइलवर वाजलेली, बाबासाहेबांवरच्या गाण्याची रिंगटोन. आपलं आवडतं गाणं खिशात वाजवणं हीसुद्धा ज्या समाजात जोखीम असते, तिथं 'खरं नाव टाका, घाबरता कशाला' हा उपदेश ज्यांच्या नावाला धोका नाही तेच करू शकतात.

पण इथं मला स्वतःच्याच मुद्द्याला अडवलं पाहिजे. १८५५ साली फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे ही चौदा वर्षांच्या आसपासची मुलगी 'ज्ञानोदय' नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिते, ते नावानिशी लिहिते. ते दुःख तिनं दोन मैत्रिणींच्या कानात सांगून भागलं नसतं. काही बोलणं चव्हाट्यावर, नाव घेऊनच करायचं असतं. आज भीमगीतांची रील स्वतःच्या चेहऱ्यानं टाकणारी पोरगी त्याच वाटेवर आहे, आणि तिला 'खासगीपणा जप बाई' असं सांगणं म्हणजे तोंड बंद ठेव असंच सांगणं होय. तेव्हा झाकणं चांगलं नि उघडं करणं वाईट, असा माझा दावा नाही. काय झाकायचं आणि काय चौकात म्हणायचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं, एवढाच आहे. घोळ होतो तो हे ठरवणं दुसऱ्याच्या हातात जातं तेव्हा.

आणि ते जातं एका स्क्रीनशॉटमध्ये. दहा जणांत म्हटलेलं वाक्य दहा हजारांत जातं, आणि लोक ते चौकात भोंगा लावून म्हटल्यासारखं वागतात. २०१२च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली. त्यावर पालघरच्या एका तरुण मुलीनं फेसबुकवर दोन-चार ओळी लिहिल्या आणि दुसरीनं त्या लाइक केल्या. दोघींना अटक झाली, पहिलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. त्या प्रकरणानं हललेल्या श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीनं सर्वोच्च न्यायालय गाठलं आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६-अ हे कलमच रद्द झालं. कलम गेलं, जमाव राहिला. २०२२च्या जूनमध्ये अमरावतीत एका औषध दुकानदाराचा खून झाला, त्यामागं व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मजकूर होता. २०२३च्या मे महिन्यात अकोल्यात इन्स्टाग्रामवरच्या मजकुरावरून दंगल पेटली, माणूस मेला, संचारबंदी लागली. पुढच्याच महिन्यात काही पोरांच्या स्टेटसवरून कोल्हापूर पेटलं. या सगळ्या मजकुरांची बाजू घ्यायची मला गरज नाही. काही वाचून माझंही डोकं फिरलं असतं. पण त्यांतलं बरंचसं पूर्वी पानटपरीवर बोललं गेलं असतं, कोणीतरी "गप बस बे" म्हटलं असतं आणि बोलणं तिथंच विरलं असतं. आता काहीच विरत नाही. एकोणिसाव्या वर्षी केलेला वाह्यातपणा विसाव्या वर्षी सुधारायला वाव उरत नाही, कारण तो कोणाच्या तरी फोनच्या गॅलरीत पडून असतो.

मुलींच्या बाबतीत तर न्यायच उफराटा. फोटो फोडणारा वेगळा, शिक्षा वेगळीला. कायदा तसं म्हणत नाही. कोणाच्या शरीराच्या खासगी भागाचं चित्रण तिच्या संमतीशिवाय टिपलं किंवा पसरवलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ई कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण पोलीस ठाण्यापर्यंत जायच्या आधी घरात निकाल लागलेला असतो : फोन काढून घ्या, कॉलेज बंद करा, स्थळं पाहायला लागा. परिणाम असा, की धमकावणाऱ्याचं काम घरच करून देतं. "बापाले सांगतो" ही धमकी चालते ती बाप काय करेल हे मुलीला ठाऊक असतं म्हणून. ज्या घरात मुलगी रडत येऊन सांगू शकते आणि सांगितल्यावर तिचा फोन तिच्याच हातात राहतो, तिथं ब्लॅकमेल करणाऱ्याची निम्मी ताकद जाते. सायबर सुरक्षेच्या सगळ्या व्याख्यानांत हे वाक्य मी अजून ऐकलेलं नाही. तिथं पासवर्डचीच गोष्ट चालते.

आता निर्मितीकडे. फोननं खेड्यातल्या पोरांना मंच दिला हे नाकारणं कद्रूपणाचं होईल. कॅमेरा, संपादन, ध्वनी, वितरण, सगळं खिशात. पण मंचाचा मालक वेगळा आहे आणि त्याला स्वतःची आवडनिवड आहे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारनं ५९ चिनी अॅप्सवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. त्यावर नाव कमावलेल्या गावोगावच्या पोरांचा मंच एका रात्रीत गेला. बंदी योग्य की अयोग्य हा वाद सोडून देऊ. त्या पोरांचं काम ही त्यांची मिळकत आहे, असं कोणाच्याच मनात आलं नाही. काही दिवसांत इन्स्टाग्रामनं भारतात रील सुरू केली आणि पोरं सामान उचलून तिकडं गेली. भाडेकरूसारखी.

या भाड्याच्या घरात वऱ्हाडीचं काय झालं पाहा. वऱ्हाडी बोलीत एवढं काम पूर्वी कधी झालं नसेल, पण त्यातलं बहुतेक विनोदी. "काऊन बे", "मले काय माईत", एक चप्पल, एक म्हातारी, एक बेवडा. हसतो मीही. पण जे चालतं तेच पुढं सरकवायचं हा यंत्राचा धर्म, म्हणून पोरगं वऱ्हाडीत आईच्या आजारपणाविषयी, कापसाच्या भावाविषयी किंवा फसलेल्या प्रेमाविषयी गंभीरपणे बोललं तर रीच पडते. दोनदा पडली की तिसऱ्यांदा तो चप्पल काढतो. उद्धव शेळक्यांनी १९६० साली 'धग' कादंबरीत वऱ्हाडीला जे दुःख पेलायला लावलं, ते पेलायची ताकद बोलीतून गेलेली नाही. फक्त लाखभर अनोळखी लोकांसमोर ती आजमावून बघायला कोण धजेल? वीस जणांच्या आयडीवर मात्र धजतात. मी पाहिलेलं चांगलं वऱ्हाडी गद्य अलीकडे अशाच, कोणालाही न दिसणाऱ्या जागी पाहिलेलं आहे, आणि अर्थातच ते इथं उद्धृत करणार नाही.

वऱ्हाडी गांभीर्यानं बोलणाऱ्याची आठवण वलगावला वेगळी करून द्यायला नको. २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीच्या वाटेवर, याच गावाजवळ पेढीच्या काठी गाडगेबाबा गेले. त्यांच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आजही फोनवर ऐकतात, ते त्याआधी दीडेक महिना मुंबईत वांद्र्याला केलेल्या कीर्तनाचं. ऐकताना लक्षात येतं की हा माणूस गर्दीला पाठ करून आलेलं ऐकवत नाही, प्रश्न विचारतो, उत्तर घेतो, उत्तर देणाऱ्याला पेचात पकडतो. हजारोंसमोर, अस्सल वऱ्हाडीत. आणि एवढं उघडं बोलणारा हा माणूस स्वतः मात्र जपून असायचा. १९०५ साली घर सोडलं, मग कुठं गोधडेबुवा, कुठं चिंधेबुवा, ज्यानं जे नाव ठेवलं ते चालवून घेतलं. पाया पडू दिलं नाही, शिष्य केले नाहीत, कीर्तन संपलं की गर्दी चुकवून निघून गेले. आवाज सगळ्यांचा, माणूस कोणाचाच नाही. आजचं यंत्र याच्या नेमकं उलट मागतं : तू काय म्हणतोस ते राहू दे, आज काय खाल्लंस, कोणाबरोबर फिरलास, रडलास तर रडताना दाखव. बाबांना 'फॉलो' करायला निघालेल्यांना त्यांनी काय सुनावलं असतं याची कल्पना करायला मजा येते.

आता सरकार. सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्ती पुट्टस्वामी खटल्यात सरकारी बाजूनं खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही असं मांडलं गेलं होतं. हे सुखवस्तू लोकांचे चोचले आहेत, गरिबाला आधी भाकर हवी, असाही सूर त्यात होता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि हा सूरही फेटाळला. वलगावच्या तीन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या मुलीला हा निकाल मुंबईच्या फ्लॅटमधल्या मुलीपेक्षा जास्त लागू पडतो, कारण फ्लॅटमधलीला दार आहेच.

त्यानंतर २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. त्यातला एक भाग मला मनापासून पटतो : अठरा वर्षांखालच्यांवर पाळत ठेवायला, त्यांच्या सवयी टिपायला आणि त्यावरून जाहिराती दाखवायला मनाई, मुलांविषयीची बंधनं मोडली तर दंड दोनशे कोटी रुपयांपर्यंत. पण अठरा पुरे होईपर्यंत बहुतेक ठिकाणी आईबापांची पडताळलेली संमती, हा भाग कोणीतरी गाव न पाहता लिहिलेला दिसतो. अमेरिकेत ही अट तेरा वर्षांखाली आहे, युरोपात देशागणिक तेरा ते सोळा. आपल्याकडे दहावीतला मुलगाच बापाची ई-पीक पाहणी भरतो, पीएम किसानची केवायसी करतो, बँकेचा ओटीपी वाचून दाखवतो. त्याच्यासाठी संमती म्हणजे बापाच्या फोनवर आलेले आकडे, जे तोच टिपून घेणार. आणि जिच्या घरी फोनला हात लावायचीच चोरी, त्या मुलीसाठी संमती म्हणजे नकार. सोळा आणि सतराच्या वयात, जेव्हा माणूस आईबापांपासून थोडं वेगळं होऊन स्वतःचा आवाज शोधतो, नेमक्या तेव्हा किल्ली आईबापांकडे. ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांची समाजमाध्यमांवरची खातीच बंद केली, आणि आपल्याकडेही तसं करा म्हणणारे आहेत. शहरातल्या मुलाचं त्यानं फार बिघडणार नाही. त्याला ग्रंथालय आहे, नाटकाचा क्लास आहे, स्वतःची खोली आहे. वलगावला या तिन्हींपैकी काय देणार ते आधी सांगा, मग खाती बंद करा.

मुलांच्या खासगीपणाची एवढी काळजी असणाऱ्या मोठ्यांनी स्वतः काय केलं तेही तपासू. २०१६च्या नोव्हेंबरात महाराष्ट्राच्या शिक्षण खात्यानं आदेश काढला : शिक्षकांनी दर सोमवारी विद्यार्थ्यांचे दहा-दहाचे गट करून सेल्फी काढायची आणि 'सरल' या खात्याच्या पोर्टलवर चढवायची, म्हणजे गळती कळेल. शिक्षकांनी विरोध केला आणि आदेश मागं पडला. विरोधाची कारणं बहुतेक मोठ्यांची होती : नेटवर्क नाही, शिकवायचा वेळ जातो, हे आमचं काम नाही. ज्यांचा चेहरा चढवायचा होता त्यांना विचारा, असं फारसं कोणी म्हटलं नाही. आजही गणवेशवाटप, वृक्षारोपण, पोषण आहार, प्रत्येकाचा फोटो निघतो, पुढाऱ्याच्या पानावर जातो, आणि वही घेताना मान खाली घातलेली पोरगी कायमची 'लाभार्थी' होऊन बसते. तिच्या संमतीचा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नाही.

माहिती संरक्षणाच्या त्या २०२३च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुलांविषयीची कलमं प्रत्यक्ष लागू व्हायला त्यात अठरा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७. नियम निघाले त्या दिवशी साडेसोळा वर्षांची असलेली वलगावची मुलगी तोवर अठराची झालेली असेल. तिच्यावर पाळत ठेवायला मनाई करणारं कलम तिला कधीच लागू झालेलं नसेल, आणि त्या दीड वर्षात तिच्या शाळेनं, पुढाऱ्यानं, कंपनीनं आणि चुलतभावानं घेतलेले तिचे फोटो चार वेगवेगळ्या ठिकाणी असतील. ते काढून टाका म्हणायचा हक्क सज्ञान झाल्यावर तिला मिळेल. चुलतभावाला ते सांगायची हिंमत मात्र तिला घरातूनच मिळायला हवी.